रसाभासाचे सुख

जतच्या यल्लमादेवीची यात्रा मार्गशीर्षात भरते. माझ्या लहानपणी यात्रेत एका अंगाला खिलार जनावरांचा बाजार असे, तर दुसऱ्या अंगाला सिनेमाचे तंबू. अशाच एका तंबूत आजीचा पदर धरून मी ‘पुराना मंदिर’ पाहिला. रामसे बंधूंचा हा चित्रपट १९८४चा; मी पाहिला तेव्हा तो चांगलाच जुना झाला होता. धड आणि शिर वेगवेगळे करून कोंडलेला सामरी पडद्यावर उठला तेव्हा आजीने देवीचे नाव घेतले आणि मी डोळे मिटले. मधूनच जगदीपचा ‘शोले’च्या विडंबनाचा भाग येई, तेव्हा सारा तंबू मोकळेपणी हसे. भ्यायचे कुठे आणि हसायचे कुठे याबद्दल दिग्दर्शक आणि आमच्यात काही मतभेद नव्हता.

पुढे वीस-पंचवीस वर्षांनी, कॉलेजातले आम्ही तिघे-चौघे सहकारी एका सुटीत हाच चित्रपट लॅपटॉपवर पाहत होतो. जगदीपचा भाग आम्ही पुढे ढकलला, कारण तो आम्हांला कंटाळवाणा वाटला. मात्र सामरी आला तेव्हा पोट धरधरून हसलो. चित्रपट तोच होता; भयाची जागा तेवढी हास्याने घेतली होती.

आम्ही मराठीचे मास्तर, त्यामुळे या स्थलांतराचे शास्त्र लगेच मांडले गेले. हास्य शृंगारातून उपजते असे भरताने म्हटले आहे. अभिनवगुप्ताने ते सूत्र व्यापक केले. केवळ शृंगाराचाच नव्हे, तर कोणत्याही रसाचा आभास हास्याला जन्म देऊ शकतो. कारण हास्याच्या मुळाशी असते ते अनौचित्य. सामरी म्हणजे भयानकाभास! सुसान सॉण्टॅगने १९६४ साली ‘कॅम्प’वरील टिपणांत याच्याच जवळचे काही सांगितले आहे. जाणूनबुजून केलेल्या विक्षिप्तपणापेक्षा, मनापासून गंभीर होऊ पाहणारे आणि त्यात फसलेले काम तिला अधिक निर्मळ वाटते. मालेगावच्या नासिर शेख यांचा ‘मालेगाव के शोले’ (२०००) पाहताना येणारे हसू म्हणूनच निराळ्या जातीचे आहे. ते हसू त्यांनी स्वतः मागितलेले आहे. रामसे बंधूंनी मागितले होते भय. आम्ही दिले हसू.

त्यांनी भय किती निगुतीने मागितले होते हेही सांगायला हवे. त्यांच्या घरच्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या चित्रपटात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात, असा एक प्रसंग होता. चित्रपट चालला नाही. पण तेवढा प्रसंग पाहायला लोक येतात, हे या भावांनी हेरले. मग सारे कुटुंब आणि मोजकी माणसे महाबळेश्वरला नेऊन, बेताच्या पैशांत त्यांनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) उभा केला. आपल्या साताऱ्याच्या धुक्यातून हिंदी भयपटाची एक परंपराच निघाली.

असो. हे सारे शास्त्र मला पुरेसे वाटत होते, ते एका विद्यार्थ्याने पेन ड्राइव्ह आणून देईपर्यंत. तालुक्यातल्याच एका गावच्या मंडळींनी भाड्याच्या कॅमेऱ्यावर एक भुताचा चित्रपट काढला होता. त्याचे वडील त्यात वाड्याचे मालक झाले होते. वर्ग संपल्यावर आम्ही तो लावला. भूत चालताना त्याच्या पायांतल्या चपला दिसत होत्या. मध्यरात्रीच्या प्रसंगात मागे लख्ख ऊन होते. वाड्याचे मालक भुताला पाहून जिन्यावरून गडगडले, तेव्हा तर आमच्या डोळ्यांतून पाणी आले.

मुलगाही हसत होता. मग म्हणाला, “हसा की सर, पिच्चरच तसा झालाय. फकस्त त्या पडण्याला तेवढं हसू नका. तिथं आबांचा पाय खरंच मोडला हुता. परत काढायला जमलं न्हाई म्हणून तसंच ठिवलंय.”

घरी येऊन मी नाट्यशास्त्रातला हास्याचा भाग पुन्हा काढला. भरताने हास्याचे सहा प्रकार केले आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. त्यांतल्या अपहसिताची लक्षणे अशी : ते अस्थानी असते, डोळ्यांत पाणी येते, खांदे आणि डोके हलतात. अधम प्रकृतीचे हे हास्य. वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेली ही लक्षणे आमच्या अंगावर हुबेहूब उमटली होती.

परंतु केवळ ‘आपण चुकलो’ एवढे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. चांगल्या कलाकृतीत साधारणीकरण होते, म्हणजे नटाचे नटपण, त्याचे गाव, त्याचा मोडलेला पाय या साऱ्याचा आपल्याला विसर पडतो. वाईट चित्रपटात नेमके हेच घडत नाही. वाड्याचा मालक क्षणभरही आपल्याला दिसत नाही. दिसतात ते आबा, त्यांचे घाबरण्याचे प्रयत्न, कुणाकडून तरी मागून आणलेला कोट. मला वाटते, अशा चित्रपटांचे खरे सुख हेच आहे. कलेचे वस्त्र विरलेले असते, त्यातून माणूस दिसतो. आणि धोकाही हाच आहे. आपण पात्राला हसतो असे समजतो, तेव्हा प्रत्यक्षात एका माणसाला हसत असतो. विद्यार्थ्यांच्या बाळबोध कविता स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून आम्ही जे हसतो, तेही याच कुळातले.

अशा चित्रपटांचा नाद मी सोडलेला नाही. सोडला असे म्हटले तर ते खोटे ठरेल. मात्र पुढल्या यात्रेत आबा भेटले. किंचित लंगडत होते. म्हणाले, “पोरगं सांगत हुतं, आमचा पिच्चर बगितला म्हनं. कसा वाटला?”

“छान झालाय,” मी म्हणालो.

“खरं सांगा सर. हसू आलं का न्हाई?”

“आलं,” मी म्हणालो.

आबांनी मान डोलावली. बाजाराकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “आमी भ्या वाटावं म्हणून काढला हुता.”