जेथे धूर, तेथे पाणी

तर्कशास्त्राच्या तासाला धूर आणि अग्नी ही जोडी आमच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की डोंगरावर धूर दिसताच शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही अग्नीचे अनुमान करून मोकळा होतो. माझी मात्र थोडी पंचाईत होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या काकांचे लहानसे गॅरेज आहे आणि कॉलेज सुटल्यावर मी तेथेच असतो. तेथल्या शास्त्रात सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, तर अग्नीचे नव्हे, पाण्याचे अनुमान करतात. जेथे पाण्याने पाऊल टाकू नये, त्या सिलिंडरमध्ये ते शिरले आहे, असे.

इंजिनाचा ब्लॉक खाली आणि हेड वर. या दोहोंमध्ये एक पातळ पॅकिंग असते. ते हेड गास्केट. काकांच्या तोंडी 'ग्यासकीट'. आत पेटणारा वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे ऑइल या तिघांना एकमेकांच्या घरात जाऊ न देणे, हे या बिचाऱ्याचे काम. ते कोठे जळले की तिघांची सरमिसळ सुरू होते.

२०२४ च्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा एक व्हॅनमामा आपली मारुती ओम्नी घेऊन आले. गाडी गरम होत होती, पाणी खात होती, सकाळी सुरू करताना मिसिंग मारत होती. दुसऱ्या एका गॅरेजात त्यांना सांगण्यात आले होते, की हेडला चीर गेली, आता इंजिनच बदला. ओम्नी तयार होणे २०१९ सालीच थांबले. तेव्हा ही विकून तसलीच नवी घेऊ म्हणण्याचीही सोय नव्हती.

"मेस्त्री, खरं काय ते सांगा," मामा म्हणाले. "इकायचीच असली तर आजच इकतो. पोरांच्या आयांना दुसरी गाडी बघा म्हणून सांगाया पायजे."

"दम धरा मामा. आधी गाडीला बोलू दे की."

काकांनी प्रथम ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण काढले. आतून दुधाच्या चहासारखा फेस चिकटलेला. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. पण काकांनी ऑइल मोजायची पट्टी उपसली, ती स्वच्छ होती. पावसाळ्यात गाडी थोडे थोडे अंतर चालली, की हवेतली वाफ झाकणाखाली धरते आणि असा फेस येतो. तेवढ्यावरून पाणी ऑइलमध्ये गेले असे ठरत नाही. आमच्या भाषेत हा हेत्वाभास! धुराचेही तसेच. गारठ्यात सुरुवातीला थोडी पांढरी वाफ कोणतीही गाडी सोडते. ही मात्र अर्धा तास झाला तरी सोडत होती, आणि त्या धुराला कूलंटचा गोडसर वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, काकांनी रेडिएटरचे झाकण काढले. (तापलेल्या इंजिनाचे झाकण कोणीही काढू नये. आत पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर असते आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते.) इंजिन चालू केले. पाण्यात बुडबुडे आले. अडकलेली हवाही बुडबुडे देते, म्हणून काका नुसते बघत राहिले. बुडबुडे थांबेनात, रेस केली की वाढत. मग त्यांनी एकेका प्लगची वायर क्षणभर काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून धरली. पहिल्या प्लगने काही फरक पडला नाही. दुसऱ्याची वायर काढताच बुडबुडे एकदम मंदावले. परत लावली, पुन्हा आले. तिसऱ्याने फरक नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या ग्रंथात व्यतिरेक पद्धती मांडली. बाकी सर्व तेच ठेवून एकच गोष्ट काढून घ्यावी आणि कार्य नाहीसे होते का ते पाहावे. आमच्या काकांचे शिक्षण सातवी.

कॉम्प्रेशनचे गेज लावले तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरची सुई १५० पौंडांच्या पुढे गेली, मधल्याची ९० वर अडकली. मधल्यात थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून सुई चढली असती. ती हलली नाही.

येथे माझ्या मते खटला संपला होता. काकांच्या मते नाही. हेडला चीर असली तरी हीच लक्षणे आणि गास्केट जळले असले तरी हीच! पाणी कोणत्या वाटेने येते, हे बंद इंजिन सांगत नाही. ज्या गॅरेजाने 'चीर' म्हटले, त्यांनी हेड उतरवलेच नव्हते. गास्केट म्हणजे काही हजारांचे काम. इंजिन म्हणजे मामांच्या वर्षभराच्या मिळकतीला भगदाड.

पुढचे आसन उचलून, कारण ओम्नीचे इंजिन त्याखालीच असते, हेड उतरवले. गास्केटवर मधल्या सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत एक काळी जळकी वाट गेलेली. तरीही काका "हेच ते" म्हणाले नाहीत. हेडवर पोलादी पट्टी आडवी, तिरपी ठेवून तिच्याखाली फीलर गेजची पाने सरकवून पाहिली. पाच शतांश मिलिमीटरचे पान सहज जात होते, म्हणजे हेड वाकले होते. मग ते शेजारच्या लेथवाल्याकडे गेले. त्याने पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरली आणि हेड गरम पाण्यात बुडवले. आम्ही तिघे वाकून पाहत होतो. मामांच्या तोंडून शब्द नव्हता. एकही बुडबुडा आला नाही.

हेडचे फेसिंग झाले, नवे गास्केट बसले, बोल्ट मधून बाहेर या क्रमाने तीन फेऱ्यांत टॉर्क पान्याने आवळले. मामा पैसे काढू लागले, तर काका म्हणाले, "थांबा. ग्यासकीट आपणहून जळत नसतंय." त्यांनी इंजिन तापू दिले. काटा वर गेला तरी रेडिएटरचा पंखा फिरेना. पंख्याचा स्विचच मेला होता.

तो बदलल्यावर पंखा घुर्रकन सुरू झाला आणि थोड्या वेळाने आपोआप थांबला. काकांनी तो पुन्हा दोन वेळा सुरू होईपर्यंत गाडी सोडली नाही. जुना स्विच मामांनी खिशात घातला आणि तेथूनच एका मुलाच्या आईला फोन लावून सांगितले, की सोमवारपासून येतो.