ऊन लागलेलं घड्याळ

वऱ्हाडातला उन्हाळा माणसालाच नव्हे, घड्याळालाही लागतो. अब्बांनी जठारपेठेत तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. उन्हाळा सुरू झाला की लंबकाच्या घड्याळांची तबकडी ते नट फिरवून किंचित वर घेत आणि थंडीत पुन्हा खाली सोडत. "बेटा, ऊन लागलं का घड्यायही सुस्तावते," म्हणायचे. पोलादी दांडी तापली की लांबते, लंबक सावकाश झुलतो आणि तापमान एक अंशानं वाढलं की घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडतं. हे गणित मी पुढं कॉलेजात शिकलो.

मग मोबाईल आले, गिऱ्हाईक आटलं. सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं ते २०१६ साली. त्याच वर्षी अब्बांनी दुकानाची किल्ली घरमालकाला परत केली. भिंग आणि चिमटे डब्यात गेले. त्या डब्याकडे ते पाहतही नसत.

इफ्तारसाठी घरात नेमकं घड्याळ हवं, म्हणून गेल्या वर्षी मी एक बनवायला घेतलं. अकोल्याचा सूर्य मुंबईच्या सुमारे पाव तास आधी मावळतो, त्यामुळं टीव्हीवरच्या मुंबईच्या अजानवर रोजा सोडण्यात अर्थ नाही. मायक्रोकंट्रोलर लाल आकडे उजळवतो, पण वीज गेली की वेळ विसरतो. त्यामुळं वेळ राखायला वेगळी चिप लागते. नाण्याएवढ्या सेलवर ती अंधारातही मोजत राहते. तिच्या जोडीचा क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो. तोच आपला सेकंद.

आधी मी डीएस १३०७ ही स्वस्त चिप लावली. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ती महिनाभरात अर्धा मिनिट मागे पडली. स्फटिकात मुळातला थोडा फरक असतोच, पण उन्हाचा वाटाही होता. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत चपळ असतो. त्याहून तापला किंवा गारठला की मंदावतो. ४५ अंशांवर दिवसाला सेकंदाहून थोडं जास्तच हरवतं.

दुसरी चिप डीएस ३२३१. तिच्या पोटात स्फटिकाबरोबर तापमापकही आहे. दर ६४ सेकंदांनी ती ऊन मोजते आणि त्याप्रमाणं स्फटिकाची चाल सावरते. वर्षाला फरक पडला तर मिनिटभराचा.

हे अब्बांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या चिपकडे पाहत राहिले. "म्हंजे ते स्वतःच नट फिरवते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. आपल्यासोबत आपला हुन्नरही संपला, असं ते इतकी वर्षं धरून बसले होते. नव्या यंत्रालाही उन्हाचा तोच हिशेब ठेवावा लागतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मलाही ते नीट त्यांच्यामुळंच कळलं. कॉलेजात मी लंबक आणि क्वार्ट्झ वेगवेगळ्या वर्षी शिकलो होतो, दोन्ही जोडून कधी पाहिले नव्हते.

त्या चिपमध्ये बारीक दुरुस्तीसाठी आणखी एक जागा आहे. तिथला आकडा एकानं बदलला की वर्षाला साधारण तीन सेकंदांचा फरक पडतो. आता दर जुम्म्याला अब्बा मोबाईलच्या वेळेशी घड्याळ ताडून पाहतात आणि फरक दुकानाच्या जुन्या वहीत लिहितात. किती आकडे वर, किती खाली, ते त्यांनी सांगायचं. मी फक्त बटणं दाबतो. भिंग डब्यातून बाहेर आलं आहे. चिपवरची बारीक अक्षरं वाचायला त्यांना ते लागतं.