कब्रस्तानातली घाणेरी

शब-ए-बरात जवळ आली की आमच्या गावात कब्रस्तानाची सफाई निघते. जमातीतली माणसे कोयते घेऊन येतात, दिवसभरात सगळी घाणेरी आडवी होते. रात्री दिव्यांच्या उजेडात फातिहा पढताना जागा कशी मोकळी वाटते! पुढचा पावसाळा सरेपर्यंत मात्र ती पुन्हा छातीएवढी. मागच्या भिंतीकडच्या कबरी तर आता दिसतच नाहीत. माझ्या दादीची कबर तिथेच कुठेतरी आहे. नेमकी जागा अब्बांना ठाऊक होती.

कुणी हिला टणटणी म्हणते, विदर्भात रायमुनिया. झुडूप मूळचे अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ते कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणले. फूल उमलताना पिवळे, मग गुलाबी; एकाच गुच्छात दोन्ही रंग. माझ्या विद्यार्थ्यांना ते फार आवडते. हिरवी फळे विषारी असतात, हे त्यांना दरवर्षी सांगावे लागते. पिकलेली काळी फळे बुलबुल, साळुंक्या खातात आणि बी दूरवर टाकतात. आमच्या कडुनिंबाखालीच रोपांची दाटी का, याचे उत्तर वर फांदीवर बसलेले असते.

कापल्याने ती मरत नाही. बुंध्याला एकाच्या जागी पाच-सहा धुमारे फुटतात. जाळली तरी तेच. तिच्या दाट सावलीत, पानामुळांतल्या रसायनांमुळे गवत धरत नाही. दुष्काळात उपाशी गुरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. म्हणजे गवतही गेले आणि त्याच्या बदल्यात हे!

जमातीच्या बैठकीत कुणी जेसीबी सुचवला, कुणी तणनाशक. कबरींवर जेसीबी कोण फिरवणार? दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत मी तिथे सांगितली. खोल खणायचे नाही. खोड आणि मूळ जिथे जुळतात, त्याच्या जरा खाली मुख्य मूळ तोडायचे, झुडूप उपटून उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मोकळ्या जागी लगेच आपले गवत लावायचे. कबरीला धक्का लागत नाही.

अडचण वेळेची आहे. शब-ए-बरात दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. घाणेरी मात्र पावसाचे वेळापत्रक पाळते. सध्या सफाई हिवाळ्याच्या अखेरीस येते. तेव्हा माती कडक असते आणि पुष्कळ बी गळून गेलेले. माझ्या मते हे काम पावसाळ्यात, माती मऊ असताना व्हावे. ‘तेव्हा शेतीची कामे असतात,’ असे लोक म्हणतात, तेही खरेच आहे.

शेवटी गेल्या पावसाळ्यात आम्ही सातजणांनी भिंतीकडून सुरुवात केली. दोन रांगा मोकळ्या झाल्या. कबरी खोदणारे चाचा आता थकलेत, पण कोण कुठे आहे ते अजून सांगतात. ते बोट दाखवतात आणि आठवीतली दोन मुले वहीत नावे लिहून घेतात. दादीच्या रांगेपर्यंत अजून पोहोचायचे आहे.