चैत्रातील लाट

परळच्या भोईवाड्यातील कयाकपटूला, म्हणजे दुहेरी पात्याच्या वल्ह्याने अरुंद, वरून बंद नाव हाकणाऱ्याला, फाल्गुन-चैत्रात नदीची लाट हवी असेल तर सह्याद्री त्याची निराशाच करतो. कारण हिमालयातील नद्या याच सुमारास बर्फ वितळून फुगू लागतात, तर येथील नद्या पावसावर जगत असल्याने डोहांपुरत्या उरतात. कोलाडची कुंडलिका याला अपवाद आहे, आणि तो अपवाद निसर्गाने केलेला नाही. मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून १९२७ मध्ये सुरू झालेल्या भिरा येथील टाटांच्या वीजकेंद्रात येते, तेथे वीज निर्माण करते आणि मग कुंडलिकेला मिळते. या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता, हे मात्र खेळाच्या उत्साहात सहसा कोणी आठवत नाही.

नदीची लाट समुद्राच्या लाटेप्रमाणे पुढे सरकत नाही: खडकाच्या उतारावरून वेगाने आलेले पाणी खालच्या खोल, संथ पाण्यावर आदळून उसळते, लाट जागीच उभी राहते आणि कयाकपटू प्रवाहाकडे तोंड करून तिच्या उतारावर टिकून राहतो. चांगल्या लाटेशेजारी उलटे वळणारे संथ पाणी असते, ज्यातून पुन्हा लाटेवर जाता येते. जी लाट मागे कोसळून नावच धरून ठेवते, ती टाळावी. विसर्ग बदलला की तीच लाट सपाट होते, म्हणून मुंबईहून निघण्यापूर्वी पाणी सोडण्याची वेळ कोलाडला विचारून घ्यावी.