माळ्यावरचे डबे

आमच्या लहानपणी दळण घेऊन गिरणीत जावे लागे. डबा घरचाच असे. कुणाचा पितळी, कुणाचा पत्र्याचा, कुणाचा तेलाचा डबा घासूनपुसून घेतलेला. एका गिरणीचा पट्टा तुटला की तोच डबा डोक्यावर घेऊन दुसऱ्या गिरणीची वाट धरायची. गिरणीवाले लोक रांगेवरून भांडत, ज्वारीवर गहू टाकत, पीठ जाडेभरडे देत. पण ‘हा डबा माझ्या गिरणीचा नव्हे, यात पीठ पडणार नाही,’ असे म्हणणारा गिरणीवाला काही मी पाहिला नाही.

टीव्हीच्या डब्याचे शास्त्र निराळे आहे. आमच्या घरी असे तीन डबे झाले. त्यांतले दोन माळ्यावर, जुन्या पाट्यावरवंट्याच्या शेजारी, आणि तिसरा बैठकीच्या खोलीत टीव्हीपुढे. दिवाळीची झाडलोट सुरू झाली की सौ. ते दोन्ही खाली काढते, पुसते, “याचं काय करायचं?” म्हणून विचारते आणि पुन्हा वर ठेवते. चालू वस्तू भंगारात देण्याची आमच्या घराण्यात रीत नाही.

पहिला डबा २०१६ साली आला. तोवर केबलची तार थेट टीव्हीच्या पाठीत खोचलेली असे आणि वाहिनी टीव्हीच निवडी. पुढे डिजिटल पद्धत सक्तीची झाली. मुंबईला तिची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ची होती, आमच्यासारख्या लहान शहरांना ३१ डिसेंबर २०१५ ची. डब्यावाचून चित्र दिसेना, तेव्हा बाराशे रुपये मोजले. अडीच वर्षांनी आमच्या केबलवाल्याने वरची कंपनी बदलली. तार तीच, खांब तोच, पैसे न्यायला येणारा मुलगाही तोच, माझा जुना विद्यार्थी. एके दिवशी तो नवा डबा घेऊन दारात उभा राहिला.

“अरे, जुना चांगला चालतोय की!”

“सर, तो त्या कंपनीचा. यांचं त्यात दिसणार नाही.”

“पण तो मी विकत घेतलाय ना?”

“हो सर, तुमचाच आहे. राहू दे तुमच्याकडेच.”

या औदार्यावर काय बोलणार! पुढे दोन पावसाळे तार सारखी तुटू लागली, म्हणून आम्ही गच्चीवर तबकडी बसवली. तिच्याबरोबर तिसरा डबा आला.

मास्तराला खोदून पाहण्याची खोड असतेच. मी चौकशी केली तेव्हा कळले की, केबलमधून चित्र पाठवण्याची रीत निरनिराळ्या कंपन्यांची साधारण एकच असते. मात्र पैसे न भरणाऱ्याला दिसू नये म्हणून ते चित्र विसकटून धाडतात. ते पुन्हा जुळवण्याची किल्लीही त्याच तारेतून येते, पण तीही कुलपात. हे दुसरे कुलूप उघडण्याची कळ डब्यातल्या कार्डात किंवा चिपमध्ये असते, आणि प्रत्येक कंपनीची कुलपे वेगळी. तबकडीची तर चित्र वाहून आणण्याची रीतही निराळी.

कुलपाबद्दल माझी तक्रार नाही. फुकट्याला चित्र का दिसावे? पण कुलूप बदलले म्हणून कपाटच नवे घ्या, हे कुठले? कुलूप तेवढे वेगळे काढून बोटाएवढ्या तुकड्यात घालावे आणि डबा कोणाचाही चालावा, ही युक्ती जाणत्यांना ठाऊक नाही असे नाही. तबकडीवाल्यांना परवाने देतानाच, २००१ साली, एकाचा डबा दुसऱ्याकडे चालला पाहिजे अशी अट सरकारने घातली होती. एप्रिल २०२० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डबे अदलाबदलीचे असावेत अशी शिफारस केली. अमेरिकेने तर १९९६ साली कायदाच केला की, पाहणाऱ्याला आपला डबा बाजारातून घेता यावा. त्यातून कुठल्याही यंत्रात बसवता येईल असे एक कार्ड निघाले. पण कंपन्यांनी ते मनापासून कधी चालू दिले नाही, आणि २०२० मध्ये ते पुरवण्याची सक्तीही उठली. आपल्याकडे मोबाईलचा क्रमांक २० जानेवारी २०११ पासून देशभर एका कंपनीतून दुसरीत नेता येऊ लागला. तिथे जमले ते इथे का अडावे? माझ्या माळ्यावर तरी अजून ते अडलेलेच आहे.

बाराशे रुपयांचे दुःख मी विसरलोही असतो. पण माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही तिला बारीक अक्षर दिसत नाही. पहिल्या डब्याचा रिमोट तिने बोटांनी पाठ केला होता. पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतो. तो चाचपून ती बाकीचे आकडे मोजी. कीर्तनाची वाहिनी दोनशे सात, बातम्या दोनशे बारा. दुपारी आम्ही सगळे शाळेत आणि कामावर. ती एकटी दार लावून, चहा करून, टीव्ही लावून बसे. संध्याकाळी आलो की गावात काय झाले ते आम्ही सांगायचो आणि जगात काय झाले ते ती.

दुसऱ्या डब्याबरोबर आकडे बदलले. तिने तेही पाठ केले, दोन महिने लागले. तिसऱ्या डब्यावर तिची वाहिनी अकराशे सहाला गेली. चार आकडे! ती चौथ्या आकड्यापर्यंत पोचते तोवर डबा कंटाळून आधीचे तीनच धरून बसतो आणि भलतेच काहीतरी लावतो. त्यातून एक रिमोट टीव्हीचा, दुसरा डब्याचा. सौ.ने नेमक्या बटणावर टिकली चिकटवून दिली. आई हसून म्हणाली, “कुंकू लावलं तरी परका तो परकाच गं!”

मग ती दुपारी टीव्ही लावीनाशी झाली. विचारले तर म्हणे, “नको रे, काय बघायचं असतं त्यात?” माझा मुलगा शाळेतून आला की मात्र ती हळूच त्याला हाक मारी. एरवी स्वतःचे धोतर-जोडी नेसण्यापासून देवाचे तेल आणण्यापर्यंत कोणाला काही न सांगणाऱ्या माझ्या वडिलांची ती बायको. सातवीतल्या नातवाची वाट पाहत चारपर्यंत बसून राहणे तिला किती जड गेले असेल, ते तिने बोलून दाखवले नाही.

गेल्या आठवड्यात तोच विद्यार्थी पुन्हा आला. आता त्याच्याकडे इंटरनेटची काचतार आहे. वाहिन्या तिच्यातूनच मिळतील, महिन्याला शंभर रुपये कमी पडतील.

“आणि डबा, सर, फुकट!”

मी हिशेब करीत होतो, तेवढ्यात आतून आई भिंतीला धरून दारापर्यंत आली.

“बाळ, आकडे तेच राहतील का रे?”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या कपाकडे.

“विचारून सांगतो, आजी,” तो म्हणाला.