पैनगंगेच्या दोन काठांवर

आम्हा कोकणातल्या माणसांना नदी ठाऊक असते ती सकाळी सह्याद्रीतून निघून संध्याकाळी समुद्राला मिळणारी. पैनगंगा मात्र अजिंठ्याच्या रांगेतून निघते आणि मराठवाडा-विदर्भाची हद्द आखत पार चंद्रपूरकडे वर्धेला भेटायला जाते. हदगावहून उमरखेडला निघालो होतो, तेव्हा मार्लेगावच्या पुलावर थांबलो. दोन्ही तीरांवर तीच काळी माती, तोच कापूस, तीच मराठी. आणि तरी ही नदी एकेकाळी दोन देशांची सीमा होती, यावर विश्वास बसेना.

1853 साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. दक्षिण काठ हैदराबादच्या निजामाचा उरला. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया. मधे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. 15 ऑगस्ट 1947 ला नवल आणखी वाढलं. उत्तर काठावर तिरंगा डौलात फडकला, दक्षिण काठावर तोच तिरंगा लावणं हा गुन्हा होता. पुढचे तेरा महिने निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या जाचाला कंटाळून नांदेडकडची कुटुंबं पोराबाळांसह नदी ओलांडत होती आणि उत्तर काठावरच्या उमरखेडमधल्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पातली तरुण पोरं उलट दिशेने, रात्री, नाके उद्ध्वस्त करायला येत होती. ऐन पाण्यातून चालताना माणूस तोच राहायचा. पण एका काठावर तो स्वातंत्र्यसैनिक असायचा, दुसऱ्यावर फरारी दरोडेखोर.

30 जानेवारी 1948 ला अशाच तरुणांनी नांदेड-निजामाबाद रेल्वेमार्गावरच्या उमरीची बँक लुटली. पैसा लढ्यासाठी हवा होता. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. यशाचा आनंद आणि एवढं मोठं दुःख एकाच दिवशी वाट्याला आलेल्या त्या पोरांच्या मनाची मला कल्पनाही करवत नाही.

या मुलखाला बंडाची ओळख त्याही आधीची आहे. हटकरांचे नाईक नोवसाजी यांनी नोव्हाच्या गढीवरून निजामाच्या सत्तेला आव्हान दिलं. जानेवारी 1819 मध्ये इंग्रज अधिकारी मेजर पिटमनच्या फौजेने वेढा घालून तोफांनी गढी फोडली. इंग्रजांच्या कागदांत नोवसाजी लुटारू ठरले; हटकर समाज त्यांना आपला वीर मानतो.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारताला शरण आलं, पुढे नाकेही गेले, आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर पैनगंगा इथे केवळ जिल्ह्यांची हद्द झाली. आता तिच्यावरून ट्रक आणि एसट्या क्षणात पार होतात. पण गुन्हेगार कोण हे ठरवणारी सत्ता बदलते, कागद बदलतात, हे मला इतक्या स्पष्टपणे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. म्हणून मराठी मुलांना रायगड, प्रतापगड जरूर दाखवावेत आणि एकदा या पुलावरही आणावं. ज्यांच्या नावावर वॉरंट निघाली, त्यांच्यामुळेही आज दोन्ही काठ आपले आहेत, हे मुलांना इथे उभं राहून कळेल.