लॉजवर सहरी मागताना

रमजानमध्ये बोर्डाच्या कामानिमित्त परगावी लॉजवर राहावं लागतं, तेव्हा सहरीचं काय? माझ्या मते पहाटे चारला कुणाला स्वयंपाकघर उघडायला लावू नये. भाड्यात खोली येते, रात्रपाळीच्या मुलाची झोप येत नाही. संध्याकाळीच विचारावं, "भाऊ, थर्मासात चहा आणि चार चपात्या रात्रीच मिळतील का? पैसे वेगळे देऊ." त्याला 'नाही' म्हणायला जागा राहते. पाहुण्याने यजमानाला अडचणीत येईल इतकं राहू नये, असं हदीसमध्ये आहे. पैसे भरणाराही पाहुणाच. नाहीच जमलं तर खजूर-पाणी आहे, मुसाफिराला रोजा नंतर ठेवण्याची सवलतही आहे. किब्ला मात्र बेधडक विचारावा. "पश्चिम कुठली?" एवढंच. एका लॉजवाल्या काकांनी तर न मागता धुतलेली चादरही आणून दिली.